कडबा धरलाय न्हवं?

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यांतलं एक तर रोज दाढी करताना आरशात दिसतं. पण भीतीचा रुपये-पैशांत हिशेब मांडणारा माणूस एकच पाहिला. मैंदर्गीच्या रस्त्यावरच्या एका गावात ते माझे वरिष्ठ होते. गावात निम्मं बोलणं कानडी, निम्मं मराठी. कानडीत 'किती'ला येष्टु म्हणतात आणि आमच्या साहेबांच्या तोंडी दिवसभर तोच शब्द. बियाणं येष्टु, खुरपायला बायका येष्टु, बैल जुंपले तास येष्टु. गावानं त्यांचं नाव येष्टु साहेब ठेवून टाकलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचीही त्यांना भीती वाटायची.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा, जवस पिकवायला शेतकऱ्याला खर्च काय येतो आणि त्याच्या हाती काय पडतं, हे टिपून ठेवायची एक सरकारी योजना होती. गावातली चौदा घरं निवडलेली. पेरणीआधी त्या घरांना विचारून प्रत्येकाचं रब्बीचं अंदाजपत्रक मांडायचं, मग हंगामभर दारोदार हिंडून खरा खर्च लिहायचा आणि शेवटी दोन्ही कागद सोलापूरच्या ऑफिसात पाठवायचे. साहेब हे काम सहा वर्षं करत होते. मी नवा मदतनीस. गिरणीतल्या टाइमकीपरचा मुलगा, बी.कॉम., आणि ज्वारी व करडई यांतला फरक मला ताटात आल्यावर कळत असे.

तेलाच्या घाण्याशेजारी एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. कपड्यांना, चहाला, कागदांना करडईच्या तेलाचा वास. साहेब उंच, हडकुळे, मानेनं जरा पुढे झुकलेले. कुलूप लावून दहा पावलं गेले की परत येऊन ओढून बघायचे, पुन्हा दहा पावलं, पुन्हा परत. तिसऱ्यांदा मला बघायला लावायचे, कारण आपल्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. कुत्रं आडवं आलं तर "जा हो, जा," म्हणायचे. अहो-जाहो करायला त्यांनी गावातलं एक जनावर सोडलं नव्हतं. पोस्टमन आमच्या बोळात वळला की त्यांचा चेहरा उतरायचा, आणि पत्र शेजाऱ्याचं निघालं तरी तासभर तो जागेवर येत नसे.

खर्च ते शाईनं लिहायचे आणि उत्पन्न शिसपेन्सिलीनं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "खर्च झाला की झाला. उत्पन्न घरात येईपर्यंत गृहीत आहे. गृहीत गोष्ट शाईनं लिहायला माझा हात धजत नाही."

आणि त्यांचं ते प्रसिद्ध कलम. छापील फॉर्मवर मजुरी, बियाणं, खत, राखण, मळणी असं सगळं झाल्यावर शेवटी 'किरकोळ' म्हणून एक ओळ असे. त्या ओळीखाली साहेब बारीक अक्षरात लिहायचे: पैकी धास्ती, इतके रुपये. हा आकडा ते हवेतून काढत नसत. शेतकऱ्याला विचारायचे, "समजा, हे पीक घरी येईलच अशी कुणी आज हमी दिली, तर त्या बदल्यात किती पोती सोडाल?" शेतकरी आधी हसायचा, मग आभाळाकडे बघून म्हणायचा, दोन पोती. कुणी तीन म्हणायचा. एका म्हाताऱ्यानं, "निम्मी घ्या की, पर झोप द्या," असं म्हटलेलं मी ऐकलंय. तेवढ्या पोत्यांची किंमत म्हणजे धास्ती.

सोलापूरच्या ऑफिसात दर तीन महिन्यांनी बैठक व्हायची. तिथल्या अधिकाऱ्यांनी एकदा ती ओळ सर्वांसमक्ष मोठ्यानं वाचली. "धास्ती, एकशे चाळीस रुपये! अहो, हे कुठल्या दुकानात मिळतं? पावती जोडलीत का?" सगळी खोली हसली. मी जरा जास्तच हसलो, कारण अधिकारी माझ्याकडे बघत होते. साहेब उभे राहिले.

"ती विकत आणावी लागत नाही, सर. घरचीच असते," ते म्हणाले. "पण घरच्या बैलाचा खर्चसुद्धा आपण धरतोच ना?"

अधिकाऱ्यांनी लाल शाईनं ती ओळ खोडली. साहेबांनी पुढच्या वेळी ती पुन्हा लिहिली. इतक्या भित्र्या माणसाला एवढं एक धाडस कुठून येतं, हे तेव्हा मला समजलं नाही.

त्यांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितला होता. "आपण विचारायचं. सांगायचं नाही. काय पेरू, असं कुणी विचारलं तर म्हणायचं, तुम्हीच ठरवा. आणि आपला कागद कुणाच्या हाती द्यायचा नाही."

"पण आपल्याला कळत असेल तर?"

"कळत असेल तरी नाही. एकदा सांगितलं की ते पीक घरी येईस्तोवर आपला जीव टांगलेला राहतो. मला तेवढं झेपत नाही." मला वाटलं, कामचुकारपणाला छान नाव दिलंय.

चौदा घरांत एक घर एका बाईंचं होतं. चाळिशीच्या असतील. नवरा सोलापूरला गिरणीत, साप्ताहिक सुट्टीला घरी येणारा. सात एकर काळं रान बाई एकट्या पाहायच्या, आणि त्यांची खरी इस्टेट म्हणजे बैलांची जोडी. दोन्ही खोंडं घरच्याच गाईची. दुष्काळात माणसांनी अर्धपोटी राहून ती जगवली होती. बाईंचा दीर शेजारच्याच रानात होता आणि जमीन वाट्यानं आपल्याला कसायला द्यावी म्हणून मागे लागला होता. बाई सांगायच्या, "माजी जोडी हाय तवर मला कुनाच्या दारात जायाचं काम न्हाय. जोडी मोडली की रान त्येच्या हातात गेलंच म्हनून समजा." हे त्यांनी साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांच्या धास्तीचा आकडा साहेबांनी न विचारताच वाढवला होता.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस बरा झाला. साहेब बैठकीला चार दिवस सोलापूरला गेले आणि त्याच सकाळी बाई खोलीच्या दारात आल्या.

"धाकलं सायेब, हायसा का?"

धाकलं सायेब! मला कुणी साहेब म्हणायची ती पहिलीच वेळ.

"यंदा समदी करडईच पेरावी म्हनते," त्या म्हणाल्या. "त्येलाला भाव लई हाय. ज्वारी इकत घिऊ खायापुरती. जरा कागदावर बघा की, परवडतंय का."

साहेब असते तर म्हणाले असते, तुम्हीच ठरवा. मी फॉर्म पुढे ओढला. बाईंनी आकडे सांगितले, मी मांडत गेलो. ज्वारीला खुरपणी, पाखरांची राखण, काढणी, मोडणी, मळणी. करडईला काटे, त्यामुळे राखण नाही, जनावर तोंड लावत नाही, मजुरीही बेताची. सात एकर ज्वारीची पोती गुणिले भाव, सात एकर करडईची पोती गुणिले भाव. खर्च वजा केला. करडई कितीतरी पुढे! मी तो आकडा खाली दोन रेघा मारून लिहिला. खर्चही शाईनं, उत्पन्नही शाईनं.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कडबा धरलाय न्हवं?"

कडबा म्हणजे ज्वारीची कणसं कापून घेतल्यावर उरलेली ताटं, बैलांचा वर्षाचा चारा. एवढं मला ठाऊक होतं. पण त्याची किंमत धरतात की नाही, धरली तर कुठे, याचा मला पत्ता नव्हता. हातातला फॉर्म भरून झाला होता आणि मला साहेब म्हणणारी बाई समोर उभी होती.

"सगळं धरलंय," मी म्हणालो.

बाईंनी कागद मागितला. मी दिला. त्यांनी तो पदराच्या टोकाला बांधला आणि गेल्या.

तासाभरानं कोरे फॉर्म पेटीत ठेवताना मी एक उलटून पाहिला. मागच्या पानावर वरतीच छापलेलं होतं: दुय्यम उत्पन्न. त्याखाली पहिली ओळ कडबा, शेकडा पेंढ्या, दर. मी जुन्या वर्षाचा एक भरलेला फॉर्म काढला. साहेबांच्या अक्षरात, पेन्सिलीनं, कडब्याचा आकडा धान्याच्या आकड्याच्या जवळपास होता. म्हणजे ज्वारीचं जवळजवळ निम्मं उत्पन्न मी धरलंच नव्हतं. ते धरून पुन्हा हिशेब केला, तर करडईची सगळी आघाडी विरून ज्वारी पुढे गेली. शिवाय करडईच्या काड्या बैल खात नाही. सात एकर करडई म्हणजे बैलांना घरचं एक पेंढी वैरण नाही.

तेव्हाच धावत जायला हवं होतं. बाईंचं घर हाकेच्या अंतरावर होतं. मी स्वतःशी म्हटलं, एवढी शहाणी बाई, ती काय सात एकर पेरतेय? उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या बांधापर्यंत गेलो. रानाला वाफसा आला होता, माती पेरणीजोगी झाली होती. बाई पेरणीच्या तिफणीमागे चालत चाड्यावर बियाण्याची मूठ सोडत होत्या आणि ती देखणी जोडी माती उकलत पुढे जात होती. निम्मं रान पेरून झालं होतं. निम्मं बाकी होतं! बाभळीच्या आडोशाला उभा राहून मी दोन तास बघितलं. मग मी परत आलो. का आलो? बी.कॉम. झालेल्या माणसानं, "पान उलटायचं राहिलं," असं म्हणायचं कसं, एवढंच कारण.

चार दिवसांनी साहेब आले आणि आल्या संध्याकाळीच पेटीचं कुलूप तपासून रानात चक्कर मारायला निघाले. आठवड्याभरानं उगवण दिसली तेव्हा ते बाईंच्या बांधावर उभे राहिले.

"सगळी करडई?" ते हळूच म्हणाले. "बैलांना काय घालणार? बाईंनी कुणाला विचारलं का हो?"

"मला काय ठाऊक," मी म्हणालो.

त्या हिवाळ्यानं मला भीती शिकवली. आतापर्यंत मी साहेबांच्या भीतीला हसत होतो, आता ती माझ्या अंगात राहायला आली. बाई रस्त्यात दिसल्या की मी बोळ बदलायचो. त्या हसून हाक मारायच्या, "धाकलं सायेब, करडई बघाया या की!" आणि मी न ऐकल्यासारखं करून पुढे सटकायचो. गावात ज्याला त्याला मी कडब्याचा भाव विचारू लागलो. यंदा तेलाच्या भावापायी पुष्कळांनी करडई केली होती, कडबा कमी निघणार होता, भाव चढणार होता. जो तो हे मजेत सांगायचा. मी रात्रीचं जेवण अर्धं टाकायला लागलो. साहेबांना वाटलं, मलाही कामाची गोडी लागली.

पौषात तीन दिवस आभाळ भरून आलं. करडईला ढगाळ हवा म्हणजे माव्याची कीड. साहेब सकाळीच मला घेऊन बाईंच्या रानात शिरले. काटे धोतरातून टोचत होते. त्यांनी एक पान उलटलं, अंगठा फिरवला, बोटं एकमेकांना लावून बघितली. चिकटली तर मावा आला. त्यांचे ओठ हलत होते. बोट चिकटलं नाही. दुसरं पान, तिसरं, विसावं. मी त्यांच्या मागे उभा राहून मनात म्हणत होतो, लागू दे मावा. पीक गेलं म्हणजे बाई आभाळाला दोष देतील, कागद कुणी बघणार नाही. हे मी म्हणालो होतो.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. पीक उत्तम आलं. करडईची काढणी भल्या सकाळी करतात, दवानं काटे मऊ असतात तोवर. हातापायांना चिंध्या गुंडाळून बाया वाकलेल्या आणि बाई सगळ्यांच्या पुढे. पोती भरली, विकली गेली. भाव पेरणीच्या वेळी होता तेवढा राहिला नव्हता, पण वाईट नव्हता. मग बाई वर्षाची वैरण विकत घ्यायला निघाल्या. कडब्याचा शेकड्याचा दर ऐकून तीन गावं फिरल्या. सगळीकडे तोच दर. करडईचे पैसे कडब्यात घालावेत तर खायला ज्वारी कशानं आणायची, आणि ज्वारी आणावी तर दोन बैल जगवायचे कसे? चैत्रात त्यांनी एक बैल अक्कलकोटच्या बाजारात विकला. एका बैलानं तिफण चालत नाही. पुढच्या हंगामाला रान दिराकडे वाट्यानं जाणार, हे गावानं त्याच दिवशी बोलून टाकलं.

नवरा सुट्टीला आला तेव्हा बाईंनी जपून ठेवलेला कागद पहिल्यांदाच त्याच्याकडून वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. आम्ही चहा पीत होतो.

"सायेब, वाचा," त्यांनी कागद साहेबांपुढे टाकला. "आमचं मालक म्हनत्यात ह्यात कडबाच न्हाय. तुमीच वाचा. कुटं हाय कडबा?"

साहेबांनी कागद उचलला. पहिल्यांदा त्यांनी तो उलटून बघितला. मागचं पान कोरं. मग पुढचं पान पाहिलं. शाईनं लिहिलेलं उत्पन्न पाहिलं, दोन रेघा पाहिल्या. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. कागद खाली ठेवताना धक्का लागून बशीतला चहा सांडला.

"बाई, चूक माझी आहे," ते म्हणाले.

"अक्षार ह्येंचं हाय की. माज्या म्होरं लिवलंय."

"लिहिलं त्यांनी. सांगितलं मी. मागचं पान भरायचं नाही, असं मीच सांगून गेलो होतो. तो मुलगा नवा. त्याला काय कळतंय?"

बाई माझ्याकडे वळल्या. "मी इचारलं हुतं तुमास्नी. धरलाय न्हवं, म्हनून. तुमी म्हनला, समदं धरलंय. ह्येनीच तसं सांगितलं हुतं का? खरं बोला."

घाण्याचा कुरकुर आवाज भिंतीपलीकडून येत होता. साहेब जमिनीकडे बघत होते.

"हो," मी म्हणालो.

बाई पुन्हा साहेबांकडे वळल्या. म्हणाल्या, "कुत्र्याला भिनारा मानूस तुमी. आनि माज्या जोडीशी खेळलासा." कागद तिथंच टाकून त्या गेल्या.

मी रडायला लागलो. साहेबांनी सांडलेला चहा फडक्यानं पुसला, मग मला म्हणाले, "रडू नका. मी हे तुमच्यासाठी केलेलं नाही. माझी बदली आज ना उद्या होणारच आहे. तुम्ही इथं राहणार. तुमच्यावरचा विश्वास गेला तर चौदाही घरं उद्यापासून खोटे आकडे सांगतील. सहा वर्षांनी लोक खरं सांगायला लागलेत हो. ते मोडू नका."

ते स्वतः सोलापूरला गेले आणि त्यांनी बदली मागून घेतली. केमच्या बाजूला मिळाली. निघायच्या दिवशी एस.टी.ला पोचवायला मी एकटाच होतो. बाकी गावातलं कुणी त्यांच्या नमस्काराला उत्तर देत नव्हतं. गाडी सुटेपर्यंत त्यांनी ट्रंकेचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं.

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. चौदाही घरं मला खरे आकडे सांगत राहिली. बाईही सांगत राहिल्या. पुढच्या रब्बीत त्यांच्या नावापुढे जमीन वाट्यानं, बैल भाड्यानं, असं मी लिहिलं, आणि मागचं पान न विसरता भरलं. रोज ठरवायचो, आज सांगू. सांगितलं असतं तर साहेबांचं नाव धुऊन निघालं असतं आणि त्यांनी जपलेले आकडे बुडाले असते, असं मी स्वतःला समजावायचो. खरं कारण एवढंच, की मी भीत होतो. त्यांच्या भीतीला आकडा होता, माझी मी कुठेच लिहिली नाही.

दोन वर्षांनी योजना संपली. त्याच सुमारास साहेब केमला तापानं गेल्याचं ऑफिसात कळलं. नंतर एका दुपारी सोलापूरच्या स्टँडवर मी गाडीची वाट बघत बसलो होतो, तर बाई दिसल्या. नवऱ्याकडे आल्या होत्या. मला बघून त्यांना खरोखर आनंद झाला. शेजारी येऊन बसल्या, लग्न झालं का विचारलं, वाळलासा म्हणाल्या. मग विचारलं, "त्ये येष्टु सायेब कुटं असत्यात?"

"गेले," मी सांगितलं. "केमला."

"बरं झालं म्हनू नये," त्या म्हणाल्या, "पर माजं तोंड आवरत न्हाय. भल्या मानसाचं सोंग घिऊन दारात येत हुता मुडदा."

माझी गाडी लागली होती. बाईंनी पिशवीतून फडकं काढलं, सोडलं. त्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. त्यांनी अर्धी भाकरी मोडली, वर चटणी घातली आणि माझ्या हातावर ठेवली.

"खावा," त्या म्हणाल्या. "तुमचा काय दोस? तुमी तर पोर हुता."

मी भाकरीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती. मी ती भाकरी खाल्ली.